पुढच्या मॉडेलची वाट

"थांब. आत्ता घेऊ नकोस."

हे म्हणताना काका दोन्ही हात असे पुढे करायचे, जणू समोरून येणारी बस अडवतायत. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाला लॅपटॉप घ्यायचा झाला, की आधी तिसऱ्या मजल्यावर काकांचा कौल लागायचा. काकांनी उभं आयुष्य लग्नांचे व्हिडिओ काढले होते. कौल ठरलेला: पुढचं मॉडेल येतंय, त्यात चिप भारी आहे. तुम्ही म्हणाल, मग माणसाने घ्यायचं तरी कधी? आम्हीही तेच विचारायचो. पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीने त्यांचं ऐकून अख्खं इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये काढलं. तरी पास झाल्यावर पेढे घेऊन आधी त्यांच्याकडेच गेली.

काका गेले, आणि आता आमच्याकडे लोक मनाला येईल तेव्हा लॅपटॉप घेतात.

खुद्द काकांचा लॅपटॉप इतका म्हातारा, की तो सुरू करून काकू चहा टाकायच्या आणि चहा पिऊन झाला तरी त्याला जाग आलेली नसायची. काकांना त्यावर एकच काम करायचं होतं. काकूंच्या मालवणकडच्या माहेरी त्यांनी तरुणपणी खूप चित्रण केलं होतं. ते घर आता पडलं, काकूंची आई गेली. त्या टेपा साफ करून, रंग उजळून काकूंना झकास स्क्रीनवर दाखवायच्या होत्या. तेही लवकर, कारण मधुमेहाने काकूंची नजर उतरत चालली होती. जुन्याला ते झेपेना. नवा भारीतलाच हवा. आणि भारीतलं पुढचं मॉडेल कायम वाटेवर.

एकदा ते मला स्क्रीनच्या रंगांवर व्याख्यान देत होते. शेजारी भाजी निवडणाऱ्या काकू म्हणाल्या, "आणि माझ्या डोळ्यांचा पुढचा मॉडेल कधी येतला?"

मी खो खो हसलो. मग कळलं, मी एकटाच हसतोय.

काका उठले, चपला घातल्या. "चल रे, आत्ताच घेऊन येऊ."

पण काकूंनीच दार अडवलं. पितृपंधरवडा चालू होता. "ह्या दिवसांत नवी वस्तू घरात आणूची नाय. दसऱ्याक घेवा."

काकांनी मुकाट चपला काढल्या.

नवरात्रात काकूंच्या डोळ्यांच्या आत रक्तस्राव झाला. दसऱ्याला लॅपटॉप आला, त्याला हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. काका दिवसदिवस टेपांवर बसले. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण काकूंची नजर काही परतली नाही.

दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं. आतून काकांचा आवाज येत होता.

"आये पडवीत इली. हातात सूप असा. आता तुका हाक मारता."

"लुगडा कसला नेसली हा?" काकूंनी विचारलं.

मी डोकावलो. काकू पुढे वाकून ऐकत होत्या. लॅपटॉप टेबलावर मिटलेला होता, आणि काकांचे डोळेही.

"हिरवा," ते म्हणाले. "थांब, आता हसली."