केकवरचं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याचं मी वाटोळं – नको, वाटोळं हा फार मोठा शब्द झाला – ज्याचं नाव मी चोरलं, त्या भावालाही नाही. त्याला ठाऊक आहे, ते वेगळं. पण त्याला ठाऊक असणं आणि मी सांगणं, हे एकच का?

आधी चांगलं सांगतो. दारू सोडून मला दोन वर्षं होत आली. सकाळी हात थरथरत नाहीत, फळ्यावर सरळ रेघ ओढता येते, आणि चहाला चव असते हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. खरंच, फार मजेत आहे मी.

मी अर्धापूरजवळच्या एका खेड्यात शिक्षक. दारू सोडलेल्यांची नांदेडला दर रविवारी मीटिंग भरते, हे बसस्टँडवरच्या एका छोट्या पाटीवर वाचलं होतं. तिच्यावरचा नंबर मोबाइलमध्ये 'गॅस' म्हणून ठेवला आणि दोन महिने नुसता बघत बसलो. बायको विचारायची, गॅसवाल्याकडं एवढं काय काम असतं हो तुमचं? शेवटी एका रविवारी गेलो. भर दुपारी त्या गल्लीत तीन चकरा मारल्या आणि खालच्या चहावाल्याला विचारलं, दाताचा दवाखाना कुठं आहे? त्यानं मान वर केली नाही.

"इथं दाताचा दवाखाना न्हाईच, भाऊ. जिना चढा. समदे दातच इचारतेत."

वर सतरंजी, दहा-बारा माणसं आणि बिस्किटांची ताटली. दारात माधवराव उभे होते, रिटायर झालेले कंडक्टर. म्हणाले, नुसतं नाव सांगा – आडनाव नको, गाव नको. नुसतं नाव! तेवढं तरी मला खरं देता आलं नसतं का? माझ्या तोंडून निघालं – आनंद.

आनंद माझा धाकटा भाऊ. केळीची शेती करतो, आणि आमच्या गावच्या विहारात वंदना तोच घेतो. पंचशीलातलं पाचवं शील, दारू न पिण्याचं, तो खणखणीत आवाजात म्हणायचा, आणि मी मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायचो. जगात नावांचा काय तोटा होता? पण त्या दारात मला त्याचंच सुचलं. का, ते मी शोधत बसत नाही.

पुढं वर्षभर मी तिथं आनंद होतो. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवरून पडलो, आईनं वाढलेलं ताट लाथाडलं – सगळं खरं सांगितलं, फक्त सांगणाऱ्याचं नाव खोटं. रडलो तिथं. हसलो तर त्याहून जास्त. 'आनंदभाऊ आले' हे ऐकायला मी एसटीच्या खिडकीत उतावीळ होऊन बसायचो. पुढच्या रविवारी खरं सांगू, असं म्हणता म्हणता वर्ष सरलं.

दारू सोडून वर्ष झालं की तिथं वाढदिवस करतात. घरचं माणूस आणायचं असतं. माझ्याकडून कुणी येणार नाही, असं मी सांगून टाकलं होतं. पण बायकोजवळ मी वाढदिवसाचं बोललो होतो. तिनं परस्पर आनंदला कळवलं, आणि मी मेणबत्तीवर फुंकर मारायला वाकलो तोच तो केळीचा घड खांद्यावर घेऊन जिना चढून आला. केकवर लाल अक्षरांत लिहिलेलं – आनंद, एक वर्ष. त्यानं ते वाचलं. सावकाश, दोनदा वाचलं.

माधवरावांनी विचारलं, आपण कोण? आनंदनं घड खाली ठेवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी मिलिंद. ह्याचा भाऊ."

"ट्रॅक्टरवरून पडला तवा तुम्हीच उचलून नेलं म्हणं ह्याला?"

"हाव, मीच. लई जड हाय ह्यो."

सगळे खो खो हसले. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. दोन्ही एकदम वाटतं, हे तुम्हाला पटेल का? मग त्यानं केकचा मोठा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मी खाल्ला. तोंड रिकामं झालं तेव्हा तरी बोलायचं होतं – नाही बोललो.

परतताना त्याच्या केळीच्या टेम्पोत तो एवढंच म्हणाला, "दादा, केक झकास होता." त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. मीही नाही.

नांदेडला मी अजून आनंदच आहे. गावच्या विहारात पाचवं शील आता मी मोठ्यानं म्हणतो, इतक्या मोठ्यानं की पुढचे वळून बघतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं नुसते ओठ हलवतो.

माझं नाव मिलिंद. मी मद्यपी आहे. आनंद माझा धाकटा भाऊ. त्यानं आजवर दारू चाखलेली नाही.