मागच्या सीटवर कोणी नव्हतं

माझं एका जागी बूड टिकत नाही, हे आईपासून कंपनीतल्या सुपरवायझरपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवलेलं आहे. वाशिंदला कंत्राटावर कामाला होतो तेव्हा सुट्टी व्हायच्या आधीच माझं हेल्मेट हातात असायचं. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे. शहापूर, किन्हवली, सरळगाव असं करत घरी पोचायला दीडेक तास लागे आणि दिवसातला तेवढाच वेळ मला खरा आवडायचा. गाडी माझी होती, हप्त्यावरची का होईना, आणि तिच्यावर बसल्यावर मला कोणी काही सांगत नसे.

जुलै अर्धा सरला होता आणि लावण्या जोरात होत्या. किन्हवली संपते तिथे एक बाई उभी होती, पन्नाशीची असेल. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, कमरेवर रिकामी पाटी. शहापूरच्या बाजारात रानातली कर्टुली विकून जीपने इथवर आली होती आणि पुढची एसटी आलीच नव्हती. यात विशेष काही नाही. डोंगराकडच्या वाड्यांवरच्या बाया आमच्या रस्त्याला अशाच उभ्या असतात. मोटरसायकल दिसली की हात करतात आणि वाट एकच असेल तर आपण थांबतो. नाव कोणी विचारत नाही, पैसे कोणी घेत नाही.

वाडीच्या फाट्यावर उतरायचं सांगून ती एका बाजूला पाय सोडून बसली आणि म्हणाली, हळू चालव रे. मी हो म्हणालो आणि हळू चालवली नाही. हे एवढं एक वाक्य कोणाला सांगायला मला फार दिवस लागले, म्हणून आधीच सांगून टाकतो.

लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून वर येतात तेव्हा चाकांचा चिखल डांबरावर सांडत जातो. वरून पाऊस पडला की त्याचा साबण होतो. ट्रॅक्टरच्या मागे गाडी दामटायची नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पुढे एक ट्रॅक्टर चालला होता आणि मला त्याच्या पुढे जायची घाई होती. कसली घाई, ते आजही सांगता येणार नाही. घरी कोणी वाट बघत नव्हतं, बायको शेतात होती. मी ट्रॅक्टरच्या बाजूने गाडी काढायला गेलो, मागचं चाक सरकलं, आणि पुढचं आठवतं ते थेट चारीतलं गढूळ पाणी आणि गाडीखाली अडकलेला माझा उजवा पाय. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नव्हता, तो निघून गेला.

शेतातली माणसं धावत येईपर्यंत बाई उठून उभी राहिली होती. डाव्या हाताने तिने उजवं मनगट धरलं होतं आणि ते जसं असायला हवं तसं नव्हतं. मी ते स्पष्ट पाहिलं. आलेल्या माणसांना वाटलं, ही रस्त्याने चाललेली बाई असेल. तिने त्यांना काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मला काय नाय झालं. त्याला न्या आधी." तिची पाटी कोणीतरी तिच्या काखेत दिली. मला टेम्पोत घातलं आणि मुरबाडला नेलं.

उद्या येत नाही हे सांगायला टेम्पोतूनच सुपरवायझरला फोन लावला. कामावरून घरी जाताना अपघात झाला असेल तर विम्याचं बघता येईल, असं तो म्हणाला. पण वाटेत कुठे थांबलो, कोणाला बसवलं, असं काही कागदावर आलं तर पैसे विसर, म्हणाला. त्याचं खरं होतं की खोटं, मी आजपर्यंत विचारलेलं नाही. दवाखान्यात हवालदार वही घेऊन आला. नाव, गाव, गाडीचा नंबर झाल्यावर त्याने विचारलं, मागे कोणी होतं का. लायसन, केस, कोर्ट, हप्ते, सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हणालो, "नाही. एकटाच होतो." त्याने लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेला. इतकं सोपं होतं ते.

नडगीत रॉड घालायला कल्याणला जावं लागलं. मग जे व्हायचं ते झालं. म्हैस गेली, बायकोच्या गळ्यातली पोत गहाण पडली, गाडी भंगारात गेली तरी तिचे हप्ते चालू राहिले, आणि कंपनीत माझ्या जागी दुसरा लागला. लावणी अर्धी राहिली होती, ती बायकोने तिच्या भावाला आणून पुरी केली. मी पडवीत खाटेवर पाय उशीवर ठेवून पाऊस बघत बसायचो. माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा नाही. काठी धरून चालता यायला लागलं तशा माझ्या येरझारा सुरू झाल्या. पडवी, अंगण, रस्ता, परत पडवी. बायकोला वाटायचं, पैशांचा घोर लागला आहे. घोर पैशांचा होताच, पण पैशांसाठी माणूस रात्री उठून स्वतःचं मनगट चाचपून बघत नाही.

भाद्रपदात विम्याचे पैसे आले. सगळे नाही, पण आले. त्या कागदावरही मी एकटाच होतो. त्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडली नाही, याचंच मला वाईट वाटलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी एकदा जाऊन या तिच्याकडं. नायतर ह्या येरझारा तरी बंद करा."

मी लगेच गेलो असं नाही. पाय दुखतो, पाऊस आहे, एसटीला गर्दी असते, अशी मी स्वतःलाच कारणं देत राहिलो. भातं पिवळी पडली तेव्हा गेलो. विम्यातले काही पैसे पाकिटात घातले होते. फाट्यावर उतरून, उजवा हात अधू असलेली, कर्टुली विकणारी बाई कुठे राहते, असं विचारत विचारत वाडीवर पोचलो. चढ होता. दोनदा थांबून चढलो.

ती ओट्यावर उडीद निवडत होती, डाव्या हाताने. मला तिने चेहऱ्यावरून ओळखलं नसावं, लंगडण्यावरून ओळखलं. बस म्हणाली. हात वाकडाच बसला होता. वाडीतल्या वैदूने बांबूच्या कामट्या लावून नीट बांधला होता, हलवू नको म्हणून बजावलंही होतं. पण लावणी थांबत नाही, म्हणून आठव्या दिवशी ती चिखलात उतरली होती. आता विळा धरता येत नव्हता.

वाटेत जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं माझ्या तोंडून उलटंसुलटं बाहेर पडलं. हवालदार, विमा, हळू चालव म्हणाली होतीस ते. तुझ्या मुलाला सांगतो, पोलिसांनाही सांगतो, असं म्हणालो. पाकीट पुढे केलं. तिने हात लावला नाही.

"पोर विचारल, कुठनं आले," ती म्हणाली. "मी घरात सांगितलंय, बांधावरनं पडले."

मी विचारलं, का.

ती निवडता निवडता थांबली. "खरं सांगितलं असतं तर माझा पोर तुझ्या दारात आला असता भांडायला. मग गावोगाव झालं असतं, वाडीची बाई बसवली नि गाडीवाला गोत्यात आला. मग आमच्या बायांना कोण बसवल रे? एसटी काय आमच्यासाठी येते?"

मला वाटलं होतं, ती रडेल, शिव्या देईल, नाहीतर माफ करेल, आणि तिन्हीची तयारी करून मी आलो होतो. ती माझ्याविषयी बोलतच नव्हती. माझ्या अंगावरचं ओझं उतरवायला मी तिच्याकडे गेलो होतो आणि ते खाली ठेवायला तिच्या घरात जागा नव्हती. मला राग आला, आणि तो तिच्यावर आला, हेही सांगून टाकतो. पाकीट मी परत खिशात घातलं.

तेवढ्यात तिचा मुलगा कापणीवरून आला, माझ्याच वयाचा. मी तोंड उघडायच्या आत तिने सांगितलं, उडदाचं विचारायला आलाय टोकावड्याकडचा. त्याने मला पाणी दिलं, पायाकडे बघितलं आणि म्हणाला, चला, फाट्यापर्यंत सोडतो, उतार वाईट आहे. नको म्हणायला मला काही कारण सुचलं नाही.

शेजाऱ्याची मोटरसायकल तो मागून घेऊन आला आणि मी त्याच्यामागे बसलो. तो इतकी हळू चालवत होता की मला वाटेतला प्रत्येक दगड मोजता आला असता. खड्डा आला की आधी सांगायचा, धरा. बोलका होता. आईचं सांगत होता, कितीदा बजावलं बांधावरनं जपून चाल, पण म्हातारी ऐकत नाय, आता घरातला एक हात कमी झाला, मी तीन महिने तिला बोलतोय तरी तिला काय वाटत नाय. मग त्याने विचारलं, पायाला काय झालं. मी म्हणालो, पावसात गाडी घसरली.

"एकटेच व्हता?"

रस्त्यावर आम्ही दोघेच होतो. त्याची पाठ माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती.

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. "मागं कोण असतं तर तुमच्या जिवाला घोर लागला असता."