हाताखाली थांबलेला आवाज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सभांमध्ये बोललो, पत्रकं लिहिली, दुसऱ्यांचं खोटं चव्हाट्यावर आणलं — पण हे नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. बघा — सुरुवातच भित्रेपणाची झाली.

आमचं घर लातुरात, मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. वडील चळवळीतले, मी अक्षरं ओळखायला शिकलो ते पत्रकांवरच. आईचं माहेर भूकंपात गेलं. तिची धाकटी बहीण भिंतीखाली गेली. आई इथं होती म्हणून वाचली. पुढं बरीच वर्षं ती त्याबद्दल काही बोलली नाही. पण घरात राहायची, झोपायची, हसायची. म्हणजे ती सावरली होती. हे लक्षात ठेवा — ती सावरली होती.

मग गावात कोचिंगचं पेव फुटलं. चाकूर, भोकर, कुठून कुठून पोरं यायला लागली. आम्हीही मागच्या खोल्या भाड्यानं दिल्या. पोरांचे पंखे, पाणी तापवायचे रॉड — जुने फ्यूज रोज उडायचे. म्हणून फ्यूजांच्या जागी एमसीबीच्या खटक्यांचा नवा लोखंडी डबा आणला. तो बसवायचा होता आईच्या खोलीतल्या भिंतीवर. भूकंपानंतर घाईघाईत गिलावा केलेली भिंत. मधोमध पोट सुटलेलं.

रशीदमामा आमचे नेहमीचे वायरमन. त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला. "आधी सपाट फळी मारू, तिच्यावर डबा. न्हाईतर लंगडा बसंल. उद्या आणतो फळी." मी म्हणालो, उद्या कशाला, मीच बसवतो. ते हसले — "तू पत्रकं वाट बाबा. स्क्रू पिळणं तुझं काम न्हाई."

एवढंच. एवढंच झोंबलं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर नुकतंच पत्रक काढलं होतं ना मी! ते गेल्यावर फळीबिळी न लावता डबा ठोकला. वरचे स्क्रू घट्ट. खालचा एक कोपरा अधांतरी. तारा जोडायला आले तेव्हा मामा म्हणाले, "लंगडाच बसवलास की रे!" मी म्हणालो, चालतंय. वडिलांनी मात्र पाठ थोपटली.

थोड्याच दिवसांत, भर दुपारी, तुरीनं भरलेला ट्रक रस्त्यावरून गेला. जमीन जराशी गुरगुरली आणि डबा थरथरला — कडकडकड. आई ताटावरून उठली. "भाईर! पोरांनो, भाईर व्हा!" हातात घास तसाच. कोचिंगची पोरं पुस्तकं टाकून रस्त्यावर. भूकंप कुठला? रस्ता नेहमीसारखा वाहत होता.

हे वरचेवर व्हायला लागलं. गल्ली हसायला लागली. "मावशी, आज किती रिश्टर?" पोरं विचारायची. ती ओशाळून पदर सारखा करायची.

मला कधी कळलं? अगदी लवकर. एकदा ट्रकांची रांगच चालली होती; आई बाहेर धावली, मी आतच राहिलो आणि डब्यावर तळहात दाबला. आवाज बंद. हात काढला — कडकड. पुन्हा दाबला — बंद. बाहेर आई एकेकाला विचारत होती, "तुमाला न्हाई आलं ऐकू? खरंच न्हाई?" मी हात काढून घेतला. बाहेर गेलो. आणि सगळ्यांसमोर, सभेत बोलतो तसा, मोठ्यानं म्हणालो — आई, भूकंप तुझ्या मनात आहे.

एक पुठ्ठ्याचा तुकडा पुरला असता. पण मग रशीदमामा हसले असते. वडिलांना सांगावं लागलं असतं. तेवढंच कारण होतं का? नाही. आता लपवून काय करू — भीतीविरुद्ध लिहायला मला एक घाबरलेलं माणूस हवं होतं, आणि ते घरातच मिळालं होतं. मी पत्रक लिहिलं. नाव घातलं नाही, 'एक माउली' म्हटलं. गल्लीत कुणाला कळायचं राहिलं? आईनंही वाचलं. म्हणाली, "चांगलं लिवलंस."

वडिलांनी तिला डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. ती दिवसभर पेंगायची, पोळी तव्यावर करपायची. असेच ते दोघं दवाखान्यात गेले असताना मी डब्याच्या त्या कोपऱ्यामागं लाकडाची चपटी पाचर सारली, स्क्रू पिळला. पाचर बाहेरून दिसू नये म्हणून काठ कापला. धूळ पुसली. असल्या कामात मी किती काटेकोर!

काही दिवसांनी आई म्हणाली, "गोळ्यांचा गुण आला बग. वाजत न्हाई आता." वडिलांनी आल्यागेल्याला कौतुकानं सांगितलं. मीही मान डोलावली. गोळ्या चालूच राहिल्या.

आता ती भूकंपाचं नाव काढत नाही. घरातून पळतही नाही. परवा दुपारी दाराची कडी वाजली. मी वाचत बसलो होतो. आई दाराजवळच शेंगा फोडत होती, हात लांबवला असता तर कडी हाताला लागली असती. ती उठली नाही. आधी माझ्याकडं बघितलं. हळूच विचारलं, "वाजलं का रे?"

"वाजलं," मी म्हणालो.

मग ती उठली.