पाणी न देण्याचा हुकूम

लढाई थांबल्यावर मी कोरियात गेलो, हे आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात कुणाला पटायचं नाही. "लढाईच नोहोती त मंग फौज काऊन नेली?" असं लोक विचारत. मी सांगायचो, दोन्ही बाजूंचे कैदी सांभाळायला आपली फौज गेली होती आणि मी दवाखान्याच्या पलटणीत होतो. माझं खरं काम मात्र मी कुणाला सांगत नव्हतो. मी उंदीर धरत होतो.

आमच्या छावणीजवळ परदेशी लष्करी डॉक्टरांचं एक पथक होतं. त्या मुलखात सैनिकांना एक विचित्र ताप यायचा. आधी चेहरा लाल, मग डोळ्यांत रक्त, मग लघवी बंद. तो कशानं येतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पथकाला माणसं कमी पडली, तेव्हा आमच्याकडून दोघांना मागून घेतलं. एक मी. दुसरा सिरोंच्याचा, नदीवर मासेमारी करणाऱ्या घरातला. घरी तेलुगू बोलणारा, पण आमच्याच चांदा जिल्ह्यातला. पलटणीत पंजाबी, गढवाली, मद्रासी सगळे होते. झाडीतले, म्हणजे चांद्याकडच्या जंगलपट्टीतले, आम्ही दोघंच. आम्हाला सगळे चांदावाले म्हणत.

आमचं काम असं. तंबूंच्या भोवतीच्या गवतात संध्याकाळी पिंजरे लावायचे, सकाळी उचलायचे. सापडलेल्या उंदराचे केस पांढऱ्या कागदावर बारीक कंगव्यानं विंचरायचे आणि पडलेले लाल किडे कुपीत भरायचे. कुठल्या ओढ्याकाठी किती सापडले, त्या बाजूच्या किती जवानांना ताप आला, हे सगळं नकाशावर टाचण्या टोचून मांडलेलं असे. डॉक्टरांचा संशय त्या किड्यांवर होता. कित्येक वर्षांनी मला कळलं की किडे निर्दोष होते; रोग उंदरांच्याच मुतात होता, धुळीबरोबर छातीत जायचा. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. माझा दोस्त तर शिट्टी वाजवत पिंजरे झाडायचा. "आमच्या घरी मासे, इथी उंदीर," म्हणायचा, "देवानं आपल्या हातात जाळंच देल्लं आहे."

थंडी पडायच्या सुमारास त्याचं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी तोंड लाल झालं. मी त्याला पाहिलं आणि त्यानं मला पाहिलं. आम्ही दोघंही ते तोंड ओळखत होतो.

पथकाचा मेजर पिकल्या केसांचा, सावकाश बोलणारा माणूस होता. पूर्वी हिंदुस्थानात राहून गेलेला. त्यानं मला बाजूला घेतलं आणि मोडक्या हिंदीत समजावलं. या आजारात मूत्रपिंड बंद पडतं. बाहेर काही जात नाही, म्हणून आत घातलेलं पाणी छातीत भरतं आणि माणूस आतल्या आत बुडतो. सुरुवातीला त्यांनी शिपायांना भरपूर पाणी पाजलं होतं, दया म्हणून. ते मेले. तेव्हापासून हुकूम होता: जेवढी लघवी तेवढंच पाणी, वर ओठ ओले करण्यापुरते थेंब, बस. त्याच्या खाटेशी बसायची ड्यूटी मीच मागून घेतली, कारण आमची बोली तिथं दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि थोडं तेलुगूही त्यानं मला शिकवलं होतं.

पाचव्या दिवशी लघवी थांबली. त्यानंतर तो एकच शब्द बोलत राहिला. नीळ्ळु. तेलुगूत पाणी. आधी हळू, मग रागानं, मग लहान लेकरासारखा. मी त्याला सांगायचो, "गड्या, थोडं थांब, लघवी सुटली की घडाभर पेजो." त्याला ते ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे. एकदा त्यानं माझा हात चावला. मी कापूस ओला करून त्याच्या ओठांना लावायचो आणि तो कापूस चोखायचा. तेवढे थेंबही मी वहीत लिहीत होतो, कारण मेजर रोज वही बघायचा.

तो तीन दिवसांनी दुपारी गेला. पाणी न देताही त्याची छाती भरलीच. मेजर त्याच्या खाटेशी बराच वेळ उभा राहिला, टोपी हातात धरून. त्याच्या रक्ताच्या बाटल्या मीच भरल्या. त्या बर्फात घालून कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेत गेल्या.

परत आल्यावर रजा मिळाली, तेव्हा आधी घरी न जाता मी सिरोंच्याची वाट धरली. चांद्याहून आलापल्लीपर्यंत मोटार, पुढे लाकडं उतरवून परत जाणारा ट्रक, शेवटचे दोन कोस पायी. त्याचं घर नदीच्या धक्क्याजवळ होतं. अंगणात जाळी वाळत होती. बाप जाळ्याला गाठी मारत बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं गाठ अर्धीच सोडली आणि आत हाक मारली.

सरकारची तार त्यांना मिळाली होती. त्यात तापानं मेला एवढंच होतं. आई बाहेर आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली. ती मराठी समजायची, बोलायची नाही. बाप तिचं तेलुगू आमच्या भाषेत करून सांगत होता.

"ती विचारते, त्याच्यासंगं कोण होतं?"

"मी होतो, बाई. सारा वेळ."

"विचारते, त्रास झाला का त्याले?"

"झाला."

मग तिनं एक प्रश्न विचारला. बापाला तो सांगावा लागला नाही. नीळ्ळु इच्चिनावा? पाणी दिलंस का?

वाटेत मी बरंच काही ठरवलं होतं. हो म्हणायचं ठरवलं होतं. आमच्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणं म्हणजे काय, हे मलाही ठाऊक होतं. पण तिच्याकडे पाहिल्यावर माझ्या तोंडून खोटं निघेना.

"नाई देल्लं," मी म्हणालो. "तो मांगत होता. डॉक्टरचा हुकूम होता. पानी देल्लं असतं त..."

तिनं पुढचं ऐकलं नाही. उठली आणि आत गेली. दारातून वळून काहीतरी बोलली. बापानं ते मराठीत केलं नाही. पण दोस्तानं मला जेवढं तेलुगू शिकवलं होतं, तेवढं पुरेसं होतं. माझ्या लेकाला तहानलेला मारलास, असं ती म्हणाली होती.

मी पिशवी उचलली. बाप माझ्याबरोबर चालत ट्रकच्या थांब्यापर्यंत आला. वाटेत म्हणाला, "आता मले सांग. हळूहळू सांग."

मी सांगितलं. मूत्रपिंड, छाती, वही, सगळं. तो मधेमधे थांबून विचारत होता. जाळ्याची एकेक गाठ तपासावी तसा.

"एक थेंबई नाई?"

"कापूस ओला करून ओठाले लावत होतो. तो चोखत होता."

"मंग हे काऊन नाई सांगतलं तिले?"

"ते थेंब मी मोजून लिहीत होतो, भाऊ. सांगाची लाज वाटली."

 बाप म्हणाला, "डॉक्टराले कसं समजलं, का पानी देल्लं त मरते?"

"आधीचे लई शिपाई तसे मेले. त्याईले पाहून शिकले."

"म्हणजे कोण्या दुसऱ्याच्या लेकरानं शिकवलं." तो थांबला. "आन आमच्या पोरानं काय शिकवलं?"

 बाटल्या बर्फात गेल्या, इतकंच मला माहीत होतं. तेच मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. "मी सांगीन तिले," म्हणाला. "वेळ लागंल. आमच्या भाषेत सांगा लागते."

पुढच्या उन्हाळ्यात एक कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. इकडे येणं झालं तर घरी यावं, एवढंच. मी गेलो. तोवर मी पलटण सोडून चांद्याला हिवतापाच्या कामावर लागलो होतो. धानोऱ्याकडच्या गावांत फिरून लोकांच्या बोटांतून रक्त काढत होतो. काम जुनंच होतं म्हणा. फक्त आता समोरचा माणूस विचारायचा, "हे रगत नेऊन काय करता?" आणि मी घाई न करता सांगायला शिकलो होतो.

आईनं मला ओसरीवर बसवलं. मरळ मासा आणि भात वाढला. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा तिनं नवऱ्याकडून विचारवलं, त्या दवाखान्यात दुसरी जी पोरं होती, पाणी मागणारी, त्यांचं काय झालं.

मी आठवून आठवून सांगितलं. पुष्कळसे वाचले होते. गढवालचा एक पोरगा होता, त्यानं आठ दिवस मला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मग एका सकाळी त्याची लघवी सुटली. या आजारात सुटली की अशी सुटते की थांबतच नाही. एक भांडं भरलं, दुसरं भरलं, शेवटी स्वयंपाकघरातली बादली आणावी लागली. सगळा वॉर्ड उठून बसला. ज्यांना उठता येत नव्हतं तेही टाळ्या वाजवत होते. मेजर स्वतः बादली उचलून सगळ्यांना दाखवत फिरला.

बापानं हे तेलुगूत सांगितलं. तिला वाटलं, तो काहीतरी चुकला. तिनं माझ्याकडे वळून थेट मलाच विचारलं, "बकेट?"

"बकेट, बाई. काठोकाठ."

ती हसली. पदर तोंडावर घेऊन बराच वेळ हसत राहिली, डोळ्यांतलं पाणी पुसत. मग आत जाऊन सुनेला, थोरल्या लेकाच्या बायकोला, सांगू लागली. आतून सुनेचंही हसू ऐकू आलं. बापानं माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाला, "त्या गढवालवाल्याची माय आहे का?"

मी म्हणालो, आहे. बरा झाल्यावर त्यानं तिला पत्र लिहिलं होतं, माझ्याच पेनानं.