वळणावरचा नवा नर

“वळणावर एक नवा नर गातोय!” गणतीचे म्हातारे प्रमुख जपानीत सगळ्यांना सांगत होते. आमामी बेटावरच्या जंगलात पहाटे दूरदूर उभं राहून आम्ही कस्तूर पक्ष्यांची गाणी मोजली होती आणि आता त्यांच्या नकाशाभोवती जमलो होतो. हा कस्तूर जगात फक्त या एका बेटावर उरलाय.

वळणावर उभे होते ते आमच्या कोबेच्या लॅबमधले पुण्याचे सीनियर. या पक्ष्याची त्यांना घरातलं माणूस आजारी असल्यासारखी काळजी. कँटीनमध्ये मला म्हणायचे, “अगं, तो नामशेष होतोय आणि तू भात टाकतेस?” विचारात असले की मात्र हुबेहूब त्याचीच शीळ घालायचे, आणि त्यांना त्याचा पत्ताच नसायचा. आजही बुटाची नाडी बांधताना घातली; मी पुढच्याच जागेवरून बघत होते.

“माझ्या वळणावर? आणि मला ऐकूच आला नाही?” त्यांचे डोळे भरून आले.

पक्षी वाढलेले दिसले की झाडं तोडणाऱ्यांना रान मोकळं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. नवा नर नोंदवायला प्रमुखांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. एरवी माझ्या तोंडून ‘हो सर’पलीकडे काही निघत नाही.

“सर,” मी सीनियरना म्हणाले, “तो नवा नर तुम्ही आहात.”