मधल्या रकान्यावरची चांदणी

वैदेही पांढरीपांडेचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि याचा तिला चांगला अभिमान होता. दूधवाला माप टाकायचा तेव्हा ती वाकून मापात बघायची. ऑटोवाला "मॅडम, इकडून जवळ पडते" म्हणाला की तिचा एक हात पर्सवर जायचा आणि दुसरा मोबाइलच्या नकाशावर. नवरा बिचारा कधी वीस मिनिटं लवकर घरी आला, तर "काहून, आज काय झालं?" हे आधी आणि पाण्याचा ग्लास मग. बाई वाईट नव्हती हो. फक्त सगळं जग आपल्याला टोपी घालायलाच बसलंय, अशी तिची पक्की समजूत होती, आणि नागपुरात एकेचाळीस वर्षं काढूनही ती तसूभर हलली नव्हती.

गायत्रीनगरच्या आयटी पार्कात पन्नासेक माणसांची एक कंपनी आहे, तिथे ती नोकरीला. कंपनी लोकांना वेबसाइट आणि अ‍ॅप करून देते. कोणाला पतसंस्थेच्या सभासदांचा अर्ज, कोणाला दवाखान्याची नोंदणी, कोणाला शाळेची अ‍ॅडमिशन. आता अर्ज कशाचाही असो, त्यात नावाचे रकाने लागतात, तारखेचं कॅलेंडर लागतं, जिल्ह्यांची यादी लागते आणि शेवटी सबमिटचं बटण. आधी दर वेळी दर माणूस हे सगळं नव्याने लिहीत बसायचा, आणि एकाचं बटण निळं तर दुसऱ्याचं पोपटी. वैदेहीने तीन वर्षं खपून या सगळ्याचे तुकडे एकदाच नीट घडवले आणि एका जागी ठेवले. ज्याला जो तुकडा हवा तो त्याने उचलावा आणि आपल्या अ‍ॅपमध्ये बसवावा. त्या साठ्याला तिने नाव दिलं 'मिसळण'. घरी मिसळणाचा डबा असतो ना, हळद, तिखट, मोहरीचा, तेच नाव. बघता बघता कंपनीची नऊ अ‍ॅप त्या एका डब्यावर चालायला लागली.

यात एक गोम होती. डब्यातली हळद बदलली की नऊही घरच्या भाज्यांचा रंग बदलायचा. म्हणून वैदेहीचा नियम असा की घ्यायला सगळ्यांना मोकळीक, पण डब्यात हात घालायचा तो तिने एकटीने. "ओला चमचा घालतात मेले," असं ती उघड म्हणायची.

मार्चमध्ये भानगड झाली. रामटेककडचे देवराव भोयर, पोस्टातून रिटायर झालेले, पतसंस्थेच्या काउंटरवर आपलं नवंकोरं ओळखपत्र आपटत उभे राहिले. ओळखपत्रावर छापलं होतं, 'देवराव नल भोयर'.

"मह्या बापाचं नाव कवडू," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं लोकायचे कागद घरोघरी नेले, एकाचं नाव चुकवलं नाही. हा नल कोण होय गा?"

नल कोणीच नव्हता. रकाना रिकामा राहिला की कॉम्प्युटर आपल्या भाषेत 'नल' म्हणतो, म्हणजे इथे काही नाही. देवरावांनी मधला, 'वडिलांचे / पतीचे नाव' असा रकाना सोडून दिला होता, आणि अर्जाने त्यांना अडवलं नव्हतं. अडवायला हवं होतं, कारण त्या रकान्यावर लाल चांदणी असते. चांदणी म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वैदेहीने मिसळण उघडून पाहिलं तर चांदणी गायब!

तिने ती परत लावली. दोन दिवसांनी पुन्हा गायब. पुन्हा लावली, पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. नोंद पाहिली तर प्रत्येक वेळी बदल 'टेस्टिंग' या नावाने झालेला. म्हणजे खिडकीजवळच्या एका सामाईक मशीनवरून, जिथून चाचणीसाठी मिसळणही उघडता यायचं आणि ज्याचा पासवर्ड मशीनलाच चिठ्ठीवर चिकटवलेला होता. कोणीही यावं, बसावं. पासवर्ड बदलला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता, हे तुमच्याआमच्या लक्षात येतं. पण वैदेहीला प्रश्न मिटवायचा नव्हता, तिला माणूस पाहिजे होता.

पतसंस्थेची तक्रार मालकाकडे गेली. मालक अपूर्व, वैदेहीपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण खुर्ची ती खुर्ची. त्याने तिला बोलावलं. "शुक्रवारपर्यंत मला कळलं पाहिजे हे कोण करून राहिलं. नाही तर मॅडम, मिसळण बंद. पुण्याच्या एका कंपनीचा तयार संच मिळतो, तो घेऊ."

तीन वर्षं! दिवाळीच्या सुट्ट्या, लेकाच्या दहावीचे महिने, सगळं त्या डब्यात घातलेलं.

मग ती जी लक्ष ठेवायला लागली, विचारू नका. पाण्याच्या बाटलीत पाणी भरायच्या निमित्ताने दिवसातून पंधरा वेळा खिडकीकडे जायची. कोण बसलंय, कोण उठलं, कोणी तिला बघून स्क्रीन बदलली. आणि तिच्या मनात एक नाव हळूहळू पक्कं होत गेलं: प्रशिक मेश्राम. आठ महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा, काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या अ‍ॅपमधल्या चुका काढायचं. कमी बोलायचा. जेवणाच्या सुट्टीतही त्याच मशीनवर. एकदा ती मागून गेली तर टाइप करता करता थांबला.

"तोच आहे," जेवताना तिने अदितीला सांगितलं. अदिती तिची नऊ वर्षांची मैत्रीण, शाळेच्या अ‍ॅपची हेल्पलाइन सांभाळायची. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडे गोंधळलेले आईबाप.

"असं कसं म्हणतेस वं? पाहिलं काय तू?"

"पाहायला कशाला पाहिजे? थांबतो तो मला बघून. आणि तिकडे इंदोऱ्याला राहतो, म्हणे."

"त्याचा काय संबंध?"

"संबंध नाही गं. आपलं सांगितलं."

इंदोरा म्हणजे बौद्धांची जुनी वस्ती. खरं तर वैदेहीला कोणी तोंडावर विचारलं असतं, की बाई, जातीवरून म्हणतेस का, तर ती भडकली असती, आमच्या घरी असलं काही नाही म्हणाली असती, आणि मनापासून म्हणाली असती. पण ऑफिसात पन्नास माणसं होती. त्यातल्या कोणाचीही वस्ती तिने आजवर अदितीला सांगितली नव्हती. प्रशिकची दोनदा सांगितली. अदितीने डब्याचं झाकण लावलं. तिच्या पोळ्या तशाच राहिल्या होत्या, आणि वैदेहीला वाटलं, ही पहिल्यापासून मऊ मनाची.

गुरुवारी वैदेहीने अपूर्वला नाव दिलं. पुरावा काय, तर मशीन आणि वेळ. अपूर्वने प्रशिकला आत बोलावलं. काचेच्या केबिनमधलं बाहेर ऐकू येत नाही, पण वैदेही दारातच उभी होती.

"मी नाही केलं सर."

"मग कोणी केलं? दिवसभर तूच असतो तिथे. कोणाला पाहिलं का बसताना?"

प्रशिकने वर पाहिलं, एकदा अपूर्वकडे, एकदा वैदेहीकडे. "मी नाही केलं," एवढंच तो परत म्हणाला.

झालं! गप्प बसतो म्हणजे काळंबेरं आहेच, वैदेहीने मनात शिक्का मारला. अपूर्वने त्याला सोमवारपर्यंत घरी बसायला सांगितलं, सोमवारी काय ते ठरवू म्हणाला. प्रशिकने बॅग उचलली, हेल्मेट घेतलं आणि गेला. त्या संध्याकाळी वैदेहीने घरी सुधारस केला. नवऱ्याने कारण विचारलं तर म्हणाली, "चोर सापडला."

शुक्रवारी सकाळी साडेअकराला चांदणी पुन्हा गायब झाली.

वैदेहीने नोंद पाहिली, पुन्हा 'टेस्टिंग'. मग तिने मान वळवली. खिडकीजवळच्या मशीनवर अदिती बसली होती, अगदी उघड, हेडफोन लावून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. "हो ताई, आता भरा. मधला रकाना सोडून द्या. नाही, काही लिहू नका. आता जाईल पुढे. गेला? बरं."

तिने हेडफोन काढला. वैदेही तिच्यासमोर उभी होती.

"मीच," अदिती म्हणाली. "दर वेळी मीच. त्या पोराला काल घरी पाठवलं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, माझी जीभच उचलली नाही. रात्रभर डोळा नाही लागला."

"काहून पण? अदिती, काहून?"

"दिवाळीपासून माझा नवरा हैदराबादेत आहे. एकटा नाही." अदितीने हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. "पोरीच्या शाळेचा अर्ज भरायला बसले, आपल्याच कंपनीचा. मधल्या रकान्यात त्याचं नाव मला लिहायचं नव्हतं, आणि खोटंही लिहायचं नव्हतं. अर्ज पुढे जाईना. मग या मशीनवर बसून काढली चांदणी. तू परत लावलीस. तोवर बाकीच्या बायांचे फोन सुरूच. कोणाचा मेला, कोणाला सोडून गेला, एकीने तर लग्नच केलं नव्हतं. सगळ्यांचं एकच, मॅडम इथं काय लिहू? मी काय सांगू त्यांना, सांग."

"मला सांगायचं होतंस!"

"विचारलं होतं. जानेवारीत, जेवताना. ही चांदणी पाहिजेच का, म्हणून. काय म्हणालीस आठवतं? 'कोणाच्या सांगण्यावरून विचारून राहिली तू?' पुढे मी काय बोलणार होते?"

वैदेहीला आठवलं. शब्दन्‌शब्द आठवला. चेहरा तापला तिचा, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. काहीतरी आपल्या बाजूचं सापडावं म्हणून ती जाग्यावर गेली आणि नऊही गिऱ्हाइकांचे मागणीचे कागद उघडून बसली. हा रकाना सक्तीचा ठेवा, असं कोणीतरी म्हटलंच असेल. शाळेच्या कागदात नव्हतं. दवाखान्याच्या नव्हतं. पतसंस्थेच्या कागदात तर चक्क 'असल्यास' लिहिलेलं होतं. दुपारी दोनपर्यंत तिने नऊच्या नऊ कागद वाचून काढले. चांदणी कोणीच मागितली नव्हती. ती तिने लावली होती, तीन वर्षांपूर्वी, स्वतःच्या हाताने. पहिलीपासून भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर ती रेघ सक्तीची होती, म्हणून इथेही. दूधवाल्याच्या मापात वाकून बघणाऱ्या बाईने या एका गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

तिने चांदणी काढली, या वेळी स्वतःच्या नावाने. रकाना रिकामा असेल तर तिथे काही छापायचं नाही, नल नाही नि फल नाही, हेही लिहिलं. मग ती केबिनमध्ये गेली.

"पुरावा सापडला?" अपूर्वने विचारलं.

"काढली कोणी ते मी सांगणार नाही सर. लावली कोणी ते सांगते. मी लावली, कोणाला न विचारता. प्रशिकचं नाव मी खोटं घेतलं. देवरावजींना मी स्वतः फोन करून माफी मागते."

अपूर्वने टेबलावरचं पेन उचललं. पेनकडे बघता बघताच म्हणाला, "मिसळण ठेवू. पण यापुढे दोघांनी पाहिल्याशिवाय त्यात एक अक्षर बदलायचं नाही. दुसरा माणूस कोण, ते तुम्ही सांगा."

"प्रशिक. यायला तयार असला तर."

संध्याकाळी पाचला तिने स्कूटी इंदोऱ्याकडे वळवली. ऊन उतरलं नव्हतं, तोंडावर दुपट्टा बांधूनही डोळे जळत होते. दोनदा पत्ता विचारला, दोन्ही वेळा माणसांनी नीट सांगितला. दार प्रशिकच्या आईने, कांताबाईंनी उघडलं. "या ना मॅडम, बसा," म्हणून त्यांनी कूलर तिच्याकडे वळवला आणि पाणी आणायला आत गेल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. प्रशिकने घरी सुट्टी आहे म्हणून सांगितलं होतं.

वैदेहीने माफी मागितली. सवय नसल्यामुळे ती नीट जमली नाही, दोन वाक्यं उलटसुलट झाली. मग सोमवारचं सांगितलं, दोघांनी पाहायचं ते सांगितलं. प्रशिक ऐकत होता. अदितीचं नाव तिने घेतलं नाही.

"अदिती मॅडम होत्या," तोच म्हणाला. "मी पाहिलं होतं त्यांना. दोन वेळा."

"पाहिलं होतं?" वैदेहीने ग्लास खाली ठेवला. "मग सांगितलं काहून नाही? सरांनी सरळ विचारलं तुला. नोकरी गेली असती ना रे!"

"सांगितलं असतं, तर तुम्हाला पटलं असतं का?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता, कांताबाई चहा टाकत होत्या. हो म्हणणं फार सोपं होतं. वैदेहीने तोंड उघडलं, आणि तिच्याने ते म्हणवेना.

"नसतं पटलं," ती म्हणाली.

प्रशिकने मान हलवली.

"म्हणून," तो म्हणाला.