शहिदाच्या आईनं रडायचं नसतं

नाईलकाठच्या आमच्या गावात उम्म अबानूबची, म्हणजे अबानूबच्या आईची, उन्हात फुगवलेली भाकरी आणि तिचं तोंड, दोन्ही प्रसिद्ध. "तुझी भाकरी गाढवानंही हुंगून सोडली," असं मला, सख्ख्या शेजारणीला, ती रोज ऐकवायची.

मग तिचा एकुलता अबानूब गवंडीकामाला सीमेपलीकडे गेला. तिथं बंदूकवाल्यांनी मनगटावर गोंदलेले क्रूस बघून आमच्या गावची सात पोरं वेगळी काढली. सातही मारली, अशी बातमी आली. प्रेतं आलीच नाहीत. चर्चमध्ये बायकांनी लग्नातल्यासारखा आनंदाचा गजर केला. आमचे धर्मगुरू अबूना मत्ता तिला म्हणाले, "शहिदाच्या आईनं रडायचं नसतं गं. हसत गेला तो, मुकुट घालून." भिंतीवर सातांची चित्रं काढली, डोक्यावर सोनेरी मुकुट. लोक आजारी लेकरं आणून तिच्या मांडीवर ठेवायचे. ती गप्पच झाली, मलासुद्धा टोमणा मारीना. अबूनांचा मला असा राग यायचा! पण बोलणार कोण?

वर्षानं त्या सातांतला वनीस जिवंत परतला. आनंद करायचा सोडून गावानं तोंड फिरवलं. कसा वाचला, हे कुणी विचारलंच नाही, सगळ्यांनी ओळखलं. भिंतीवरचा त्याचा चेहरा खरवडून टाकला.

उम्म अबानूबनं मात्र त्याला घरी बोलावलं. मी तिथंच पीठ मळत होते.

"खरं सांग. हसत गेला माझा अबानूब?"

वनीस खाली बघत म्हणाला, "नाही, मावशी. फार घाबरला होता. माझा हात सोडत नव्हता. तुला हाका मारून रडत होता. ते म्हणाले, येशूला सोडलं म्हण आणि जा घरी. हा रडत रडतच नाही म्हणाला."

"आणि तू?"

"मी सोडलं म्हणालो."

माझे हात पिठातच थांबले. आता त्याला हाकलणार, असं वाटलं.

"म्हणे हसत गेला!" ती म्हणाली. "उंदीर दिसला तरी मला चिकटायचं माझं पोर!" आणि वर्षभर कोंडलेलं रडू फुटलं. छाती बडवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ती रडली. इतकं भित्रं पोर नाही म्हणालं, या विचारानं मीही रडले. अबूना धावत आले आणि दारातच थांबले.

वनीस उठून निघाला, तर तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"बस रे. माझ्या पोरानं शेवटी धरलेला हात आहे हा."